मोहरीचे दाणे आणि रातवा : एका दीर्घकथेचं प्रकरण

हे एका मराठी प्रेमकथेच्या घडणीचं टिपण आहे. विज्ञानकथा, भुताटकी आणि प्रेम असं तिन्ही असलेली ही कथा, आणि नायक रक्तावर जगणारा, ऑटिझम असलेला. लेखिका आणि तिच्या घरची माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी लेखिकेची आणि तिच्या भावाची परवानगी घेतली. भावानं एक अट घातली : ‘जे झालं तेच लिहा, गोड करू नका.’

पार्श्वभूमी

लेखिका हिंगोली जिल्ह्यातल्या हळदीच्या पट्ट्यातली. वय तिशीच्या आसपास, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा, आयटीआयला वायरमनचा कोर्स करतो. त्याला ऑटिझम आहे. तो कमी बोलतो, मोबाइलवर टाइप करून दाखवतो आणि मोजतो. जिन्याच्या पायऱ्या, पंख्याच्या फेऱ्या, कुकरच्या शिट्ट्या, काहीही. लहानपणी त्याला दोन मांत्रिकांकडे नेलं होतं. ‘लेकराला बाहेरचं झालंय’ असं गावानं ठरवून टाकलं होतं. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या आधीच्या या गोष्टी. मात्र कायद्यानंतरही ही वाट पुरती बंद झालेली नाही, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

मी नांदेडला असतो. विज्ञानकथांच्या संहिता वाचून लेखकांबरोबर त्यांवर काम करतो. लेखिका माझ्याकडे बावीस हजार शब्दांची कथा घेऊन आली. कथा पुढच्या दशकात घडते. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय लहरी (दूर आकाशात जड तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात उठणारे तरंग) टिपणारी वेधशाळा सुरू झालेली आहे. या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. लेझरचा झोत दोन्हीकडे जाऊन आरशांवरून परततो. गुरुत्वीय लहर गेली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, आणि तेवढाच पकडायचा. ऊस वाहणारा ट्रॅक्टर, पूर्णा-अकोला मार्गावरची मालगाडी, खाणीतला सुरुंग, या सगळ्यांची थरथर त्यातून वेगळी काढावी लागते.

कथेचा नायक तिथं रात्रपाळीला असतो. कंपनांच्या नोंदी ठेवतो. गावातले लोक त्याला ‘रातवा’ म्हणतात, कारण रातवा पक्षीही दिवसा दिसत नाही. नायिका भूकंपमापक यंत्रं सांभाळणारी, वसमतकडची. त्या भागातल्या काही गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, अधूनमधून धक्के बसतात, आणि किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणारे लोक अजून अंगणात झोपायला निघतात. दोघांची ओळख अशाच एका धक्क्याच्या रात्री होते.

अडचण

पहिला खर्डा मी एका बैठकीत वाचला. लेखिकेचा हात चांगला आहे. तरी वाचून झाल्यावर मन खाली बसलं. नायकाला उजेड सोसत नाही, तो नजरेला नजर देत नाही, बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, सांडलेले दाणे मोजल्याशिवाय हलत नाही. यातलं बरंचसं व्हॅम्पायरच्या लोककथांतून आलेलं. पूर्व युरोपात थडग्याभोवती खसखस किंवा बाजरीसारखे बारीक दाणे टाकायचे, म्हणजे तो मोजत बसतो आणि उजाडतं. आमंत्रणाचा नियम १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’तही आहे. पण उजेडाचं सोडलं तर हेच सगळं लेखिकेच्या भावाचंही वर्णन होतं. दोन्ही थर एकमेकांत इतके मिसळले होते की वाचणाऱ्याला एकच अर्थ निघाला असता : असा मुलगा म्हणजे अमानवी.

हे माझ्याआधी तिच्या आईनं ओळखलं होतं. लेखिकेनं आईला कथा वाचून दाखवली, तेव्हा आई म्हणाली, ‘‘लेकराला गावानं एवढं बोललं, आता तूबी त्याला भूत करायलीस का?’’

लेखिकेनं हे वाक्य मला फोनवर सांगितलं आणि म्हणाली, ‘‘सर, मी लिहू का नको, एवढंच सांगा.’’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कथा सोडून देण्याचा. आईचं मन राखलं जातं. पण लेखिकेला प्रेमकथाच लिहायची होती, आणि तिच्या भावासारखा माणूस कुणाचा तरी प्रियकर असतो अशी मराठी कथा तिला कुठं सापडली नव्हती. शिकवणीच्या गोष्टीत तो असतो, दयेच्या गोष्टीत असतो. कुणी त्याची वाट पाहतंय, असं मात्र नाही.

दुसरा पर्याय नायकाला साधा माणूस करण्याचा. हा मला पटत होता, तिला नाही. तिचं म्हणणं असं की व्हॅम्पायरच्या गोष्टीत नायकाला शेकडो वर्षांचा एकटेपणा मिळतो आणि तो वाचकाला खरा वाटतो. साध्या कथेत ती खोली यायला आणखी दहा वर्षं लिहावं लागेल. मी हरकत सोडली.

तिसरा पर्याय एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी सुचवला. त्यांनी गोषवारा वाचला होता. नायिकेच्या प्रेमानं तो शेवटी पूर्ण माणूस होतो, उन्हात उभा राहतो, तिच्या डोळ्यांत पाहतो. छापून यायची खात्री या वाटेवर सर्वांत जास्त होती. पण नजरेला नजर देणं म्हणजे बरं होणं, हा शेवट लेखिकेच्या घरात वाचून दाखवता आला नसता. तो पर्याय तिनं त्याच दिवशी बाद केला.

चौथा पर्याय दोन्ही थर सुटे करण्याचा : रक्ताची गरज एक गोष्ट, मेंदूची घडण दुसरी, आणि हे वाचकाला कथेतूनच दिसायला हवं. आम्ही हा धरला. तो कसा साधायचा हे मात्र तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

काय केलं

सुरुवात विज्ञानापासून केली. खर्ड्यात नायकाला पोर्फिरिया हा रक्ताचा आजार दाखवला होता. १९८५ साली डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञानं व्हॅम्पायरच्या दंतकथांमागे हा आजार असावा अशी कल्पना मांडली, ती वर्तमानपत्रांनी उचलली आणि खरे रुग्ण हकनाक बदनाम झाले. त्या रुग्णांना रक्ताची ओढ नसते आणि रक्त पिऊन आजारात फायदाही होत नाही. एका बदनामीतून सुटण्यासाठी दुसऱ्या रुग्णांना पुढं करायचं, हे काही बरोबर नव्हतं. पोर्फिरिया काढला.

त्याजागी लेखिकेनं वटवाघळांचा अभ्यास केला. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती आहेत, तिन्ही अमेरिका खंडांतल्या. रक्तात चरबी जवळपास नसते, त्यामुळे साठा होत नाही आणि दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर ते मरतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की भुकेल्याला दुसरं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवतं. नायकाला तिनं हाच नियम लावला. तो शिकार करत नाही. ज्याच्यावर विश्वास बसला त्याच्याकडून घेतो, आणि तीन रात्रींच्या आत.

इथं एक गोष्ट मला तिच्याकडून शिकायला मिळाली. मी सुचवलं होतं की नायक खाटकाच्या दुकानातून बकऱ्याचं रक्त आणतो, हे कळताच नायिकेच्या अंगावर काटा यावा. लेखिका म्हणाली, ‘‘सर, आमच्या आळीत रक्ती शिजते. तिला काटा कशाला येईल? ती विचारील, कांदा घालून परतू का म्हणून.’’ मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत रक्ती हे साधं जेवण आहे. रक्त खाणारा म्हणजे राक्षस, हे मी माझ्या स्वयंपाकघरातून ठरवत होतो. त्या प्रसंगातली भीती गेली आणि जेवणाचं ताट आलं. कथेतलं पहिलं आपलेपण तिथं आहे.

दुसरा निर्णय नायकाच्या हुशारीचा. पहिल्या खर्ड्यात त्याला गुरुत्वीय लहर कानानं ऐकू यायची. मानवी कानाला ते अशक्य आहे, आणि ‘ऑटिझम म्हणजे अद्‌भुत शक्ती’ हाही एक साचाच आहे. आता तो फक्त नोंदी नीट ठेवतो. त्याला कंटाळा येत नाही. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी रोज येणारी थरथर मालगाडीची, हे तो तीन महिन्यांच्या वहीवरून सांगतो. असं काम करणारी माणसं असतात, आणि त्यांच्यावाचून वेधशाळा चालत नाही.

तिसरा निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरला : नायक रक्तावर जगायला लागण्याआधी कसा होता? यासाठी लेखिका पैठणला गेली. कथासरित्सागरातला वेताळ ज्याच्या खांद्यावर बसतो तो राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. त्याच ग्रंथात गुणाढ्याची दंतकथा आहे. सातवाहन राजाच्या पदरचा हा पंडित रानात जाऊन पैशाची, म्हणजे पिशाचांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजा ती नाकारतो. गुणाढ्य पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान आगीत टाकतो आणि सातातले सहा लाख श्लोक जळतात. पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं आणि नाकारलेला माणूस! आपल्या मातीत हे असताना ड्रॅक्युलाचे कार्पेथियन डोंगर हवेत कशाला, असं मला झालं.

लेखिकेनं नायकाला प्रतिष्ठानातला लेखनिक मुलगा केलं. तो बोरू लांबीप्रमाणे मांडतो, घाटाच्या पायऱ्या मोजतो, बाजाराच्या दिवशी कान झाकून घेतो. तेव्हा तो उन्हात फिरतो, भाकरी खातो, चारचौघांसारखा माणूस असतो. रक्ताचं पुढं येतं. या एका प्रकरणानं दोन्ही थर सुटे झाले.

इथं माझी चूक नोंदवतो. जळलेले सहाही लाख श्लोक नायकाला पाठ असावेत असा आग्रह मी धरला. पैठणच्या दंतकथेच्या प्रेमात, अद्‌भुत शक्ती नको हा मी स्वतःच घातलेला नियम विसरलो. लेखिकेनं तसं लिहिलंही. भावानं ते पान वाचून टाइप केलं : ‘मला एकच गोष्ट आवडते. ती मी परत परत ऐकतो.’ शेवटच्या खर्ड्यात नायकाला जळलेल्यांपैकी एकच गोष्ट आठवते, तीही अर्धी, आणि तो ती नायिकेला अकरा वेळा सांगतो. सातव्या वेळी ती कंटाळते आणि तसं सांगते. तो थांबतो. पुढच्या आठवड्यात ती स्वतःहून म्हणते, सांग.

मोहरीचा प्रसंग

पहिल्या खर्ड्यात नायिकेला नायकाची भीती वाटते आणि ती मूठभर मोहरी फरशीवर उधळते. तो मोजत बसतो, ती पळून जाते. मीठ-मोहरीनं दृष्ट काढणाऱ्या घरातल्या मुलीला हे सुचणं अगदी साहजिक. भाऊ हा प्रसंग ऐकताना उठून गेला. दोन दिवसांनी त्यानं लिहून दिलं : ‘ती त्याला त्रास देते.’

लेखिकेनं प्रसंग बदलला. आता नायिका परत येते, त्याच्यासमोर बसते आणि दुसऱ्या टोकाकडून मोजायला लागते. मला हे फार आवडलं. डोळे भरून आले, हेही लपवत नाही. मी लेखिकेला म्हणालो, कथेचा जीव इथं आहे.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. भावानं ते नवं पान वाचलं, मान हलवली आणि स्वयंपाकघरातून मोहरीचा डबा आणला. चहाचा एक चमचा सपाट भरून स्टीलच्या ताटात ओतला. ताटाची कड आधी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. दहा-दहा दाणे बोटानं डावीकडे सरकवायचे, शंभर झाले की वाटीत. मधे आईनं चहा आणला, त्यानं हात न थांबवता मान हलवून नको म्हटलं. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा १,६४३. मग मोबाइल माझ्यापुढं धरला : ‘काका, दोघांनी मोजलं तर चुकतं. मधे कुणी आलं तर परत पहिल्यापासून.’

मला जे प्रेम वाटलं होतं ते त्याच्या दृष्टीनं आणखी एक अडथळा होतं. २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकानं मांडलं की न समजण्याची अडचण दोन्हीकडची असते. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसे इतरांनाही तो कळत नाही. मी हे आधी वाचलं होतं. समजलं मात्र त्या ताटापाशी.

मग आम्ही तिघांनी हिशोब केला. मूठभर मोहरी म्हणजे असे आठ-नऊ चमचे, चौदा हजारांच्या आसपास दाणे. सेकंदाला एक म्हटलं तरी जवळपास चार तास. नायिका मोहरी उधळते तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. म्हणजे मोजणं संपायच्या आत सूर्य उगवणार आणि नायक मरणार. दोन खर्डे झाले, तरी हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या खर्ड्यात नायिका बाहेरच्या पायरीवर थांबते. पूर्व उजळताना तिला कळतं की हा उठणार नाही. ती आत येते, मोजणीच्या मधे न येता भिंतीकडेनं जाते आणि पूर्वेच्या खिडकीला आईची गोधडी टांगते. एक कोपरा खिळ्यावर बसत नाही, तो ती दिवस वर येईपर्यंत हातानं धरून उभी राहते. तो मोजतच असतो. संपल्यावर आकडा सांगतो. ती म्हणते, बरं.

निष्पत्ती

प्रेमकथेचा पुढचा भाग त्यामानानं सोपा गेला. आमंत्रणाचा नियम लेखिकेनं ठेवला, कारण तो नायकाच्या बाजूचा होता. त्याला स्पष्ट शब्द लागतात. नायिकेची आई दारात म्हणते, ‘‘या की आत, उंबऱ्यावर काहून उभं ऱ्हायलात?’’, पण हा प्रश्न असल्यानं तो तसाच उभा. नायिका ‘आत या’ म्हणते, मग तो येतो. पुढं हात धरण्यापासून गळ्याशी ओठ नेण्यापर्यंत दोघं एकमेकांना शब्दांत विचारतात. हळदीचा हंगाम येतो, गावभर हळद शिजवायच्या कढया लागतात आणि तो वास त्याला सोसत नाही. लग्न गोरज मुहूर्तावर ठरतं, उन्हाचा प्रश्न मिटतो. हळदीचा मिटत नाही. वसमतकडच्या घरात हळदीशिवाय लग्न म्हणजे काय, यावर चार पानं आहेत आणि ती मला फार प्रिय आहेत.

कथा एका दिवाळी अंकात छापून आली, चौदा हजार शब्दांत. कापताना संपादकांनी प्रतिष्ठानचं प्रकरण चार ओळींवर आणलं. वर सुळे दाखवणारं चित्र आलं. आम्हाला दोन्ही गोष्टी अंक हातात पडल्यावर कळल्या. पत्रं आली त्यांत एका आईचं होतं : तिचा मुलगाही असाच मोजतो, मग अशी मुलं रक्तपिपासू असतात असं म्हणायचंय का? लेखिकेनं त्या बाईंना पूर्ण प्रकरण छापून टपालानं पाठवलं. उत्तर आलं नाही. त्या पत्रानंतर लेखिका दोन महिने काही लिहू शकली नाही.

दुसरीकडे, तिच्या आईनं पूर्ण संहिता पुन्हा वाचून घेतली. गोधडीच्या पानावर थांबवून म्हणाली, ‘‘खिळा नीट ठोकला असता तर एवढं उभं ऱ्हावं लागलं नसतं.’’ भूत केलंस, असं पुन्हा म्हणाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भावाला आम्ही तिसऱ्या महिन्यात विचारलं. पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. तोवर आई, बहीण आणि मी, तिघं त्याच्याबद्दल ठरवत होतो. शिवाय त्याच्या एकट्याच्या अनुभवावर आम्ही सगळा भार टाकला. उजेडाचा त्रास त्याला नाही, नायकाला आहे. त्या बाजूचं सांगणारं कुणी आम्ही शोधलं नाही, आणि ते प्रसंग अजून ऐकीव वाटतात.

संपादकांकडून लेखी घ्यायला हवं होतं की कोणता भाग कापायचा नाही आणि चित्र आधी दाखवायचं. दिवाळी अंकांच्या घाईत हे मागायला संकोच वाटतो. तो संकोच माझा होता, लेखिकेचा नाही. त्याची किंमत मात्र तिनं मोजली.

‘स्वमग्न’ या शब्दाचा तिढा सुटला नाही. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात, पण या शब्दात ‘स्वतःत बुडालेला’ हा निवाडा आधीच आहे, आणि आमचा नायक तर सतत बाहेरचं ऐकत, मोजत, लिहीत असतो. कथेत आम्ही डॉक्टरच्या तोंडी ‘ऑटिझम’ ठेवलं. गावच्या माणसांच्या तोंडी काय द्यायचं हे ठरेना, म्हणून ती त्याला रातवाच म्हणतात.

आता पूर्ण संहितेचं पुस्तक होतंय. प्रतिष्ठानचं प्रकरण पहिलं आहे. मुखपृष्ठावर चेहरा नको, असं भावानं कळवलं. लेखिकेनं आईची गोधडी दोरीवर टाकून, एक कोपरा हातात धरून फोटो काढला आणि प्रकाशकांना पाठवला. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.